अरुबा: सप्टेंबरमध्ये दोघांसाठी निवांत किनारा कोणता?

प्रश्न: सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं अरुबा या कॅरिबियन बेटावर जातोय. वादळांची भीती किती? गर्दी नसलेला किनारा सुचवा.

उत्तर १: कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने. पण अरुबा व्हेनेझुएलाजवळ, नेहमीच्या वादळमार्गाच्या दक्षिणेला आहे; थेट तडाखा क्वचितच बसतो. पाम बीचवर उंच हॉटेलं, गजबज. ईगल बीचच घ्या: रुंद, पांढरी वाळू, ऐसपैस.

उत्तर २: ईगलला माझंही मत. मात्र वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि कातडी भाजून निघते. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावाच. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनवर तिथे बंदी आहे, लेबल वाचून घ्या.

उत्तर ३: डुंबायला बेबी बीच, उथळ आणि शांत. त्या खाडीच्या तोंडाबाहेर अजिबात जाऊ नका, ओढ जबर असते. नळाचं पाणी बिनधास्त प्या.