घरगुती विजेचा दर बाजारभावाशी जोडावा का?

धागाकर्ता, पुणे:
स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जुलै २०२५ पासून लागू झाली. चांगलं झालं, पण हे अर्धंच पाऊल आहे. वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक खरेदी-विक्रीच्या बाजारात, दर पंधरा मिनिटांना नवा भाव निघतो, म्हणजे दिवसाला ९६ भाव. भर दुपारी सौर वीज मुबलक असते तेव्हा तो कोसळतो आणि उन्हाळ्यात दिवेलागणीनंतर कित्येकदा १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. आपल्या बिलात हा फरक जेमतेम रुपयाचा! सोसायटीचा पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग दुपारी करावं असं कुणाला का वाटेल? ज्याला हवा त्याला तरी एक्स्चेंजच्या भावाशी जोडलेला दर मिळायला हवा.

चंद्रपूरकर:
दुपारी मशीन लावायला घरी असतं कोण? आम्ही दोघं नोकरीवर, मुलं शाळेत. आणि मे महिन्यात इकडे पारा ४६ च्या वर जातो. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एसी तेव्हाच लागतो, म्हणजे तुमच्या हिशेबानं सगळ्यात महागड्या वेळी. दीड टनाचा एसी तासाला एक-दीड युनिट खातो. घरात ७८ वर्षांची आई आहे. "भाव उतरेपर्यंत थांब" असं तिला मी सांगणार नाही.

वीज वितरणात नोकरी केलेला, कराड:
मुळातच एक गफलत होतेय. महावितरण बहुतांश वीज एक्स्चेंजवरून घेतच नाही. ती दीर्घ मुदतीच्या करारांतून येते, त्यातले बरेचसे २५ वर्षांचे. औष्णिक केंद्राची वीज उचला न उचला, स्थिर आकार भरावाच लागतो. एक्स्चेंजवर जायचं ते कमी पडलेलं भरून काढायला. त्या थोड्या विजेचा भाव घरातल्या प्रत्येक युनिटला लावायचा, हा कुठला न्याय? मार्च २०२२ मध्ये हा भाव २० रुपयांना भिडला होता. केंद्रीय वीज नियामक आयोगाला आधी १२ आणि पुढच्या वर्षी १० रुपयांची मर्यादा घालावी लागली. खरेदी महागली की इंधन समायोजन आकार आपण भरतोच, पण तो सगळ्यांत वाटला जातो. एका घरावर एका रात्रीत कोसळत नाही.

ह्यूस्टन:
इथे कोसळला. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये घाऊक भाव युनिटला ९ डॉलरवर गेला. ग्रिडी कंपनीचे ग्राहक थेट त्या भावाला बांधलेले होते, त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. कंपनी महिनाभरात दिवाळखोरीत गेली आणि घरगुती ग्राहकांसाठी असे करार राज्यानं त्याच वर्षी बंद केले.

ऑस्लो:
टेक्सासवरून सगळं मोडीत काढू नका. नॉर्वेत बाजारभावाचा करार ही वर्षानुवर्षं साधी गोष्ट आहे. मोबाइलवर उद्याचे भाव दुपारीच दिसतात, गाडी रात्री दोनला आपोआप चार्ज होते, पाण्याची टाकीही तेव्हाच तापते. सवय लागली की यात जाच नाही. पण २०२१ च्या अखेरीस दक्षिण नॉर्वेत भाव भडकले आणि लोक हादरले. सरकारला ठरावीक पातळीवरच्या भावाचा भार उचलावा लागला. सुरुवातीला ५५ टक्के, मग ८०, पुढे ९०. ऑक्टोबर २०२५ पासून तर करासह युनिटला ५० ओरे (अर्धा क्रोन) असा स्थिर दराचा सरकारी पर्यायही आला. पद्धत मला आजही पटते. मात्र इथे मागे भक्कम खजिना होता, हे लपवणं खोटेपणाचं ठरेल.

धागाकर्ता, पुणे:
कराडच्या मित्राचं एक मान्य: सगळ्या युनिटना हा भाव लावणं चूक. मग महिन्याची पहिली शंभर युनिटं स्थिर दरानं द्या, वरच्या वापरापुरता बाजारभाव आणि त्यालाही ठाम कमाल मर्यादा. निवड ग्राहकाची. चंद्रपूरच्या आईंच्या एसीला हात लावायची गरज नाही. पण माझी गाडी संध्याकाळी सातला चार्ज होऊ नये, यासाठी एक रुपया पुरत नाही.

चंद्रपूरकर:
निवड करणार कोण? ज्यांच्याकडे गाडी, छतावर सौर पॅनेल आणि दुपारी मशीन लावायला माणूस आहे ते. ते स्वस्त युनिटांकडे गेले की करारांचा स्थिर आकार काही कमी होत नाही. तो उरलेल्यांच्या बिलात येणार. तो माझ्या बिलात कसा येणार नाही, तेवढं आकडे मांडून दाखवा. मग तुमच्या बाजूनं लिहीन.