बाळाच्या छातीत पाणी, २६वा आठवडा. थांबायचं की काढायचं? लवकर सांगा

कृष्णाकाठ: बायकोची काल सोनोग्राफी झाली. बाळाच्या फुफ्फुसाभोवती पाणी आहे म्हणाले. आमच्या मॅडम म्हणतात दर आठवड्याला बघू, दुसरे डॉक्टर म्हणतात पाणी काढून टाका. सासरे म्हणतात पुण्याला हलवा. अनुभव असलेल्यांनीच लिहा, गूगल करून झालंय.

मनीमाऊ: एका बाजूला की दोन्ही? पोटात पाणी, अंगावर सूज? रिपोर्टमधलं इम्प्रेशन जसंच्या तसं टाका, नाव झाकून.

रानवारा: माझ्या वहिनीचं पाणी कमी झालेलं. रोज नारळपाणी आणि डाव्या कुशीवर झोप. बाळ ठणठणीत.

मनीमाऊ: अहो ते गर्भजल! इथे बाळाच्या छातीत पाणी साठलंय. नारळाने काय होणार?

रानवारा: अनुभव विचारला म्हणून सांगितला. नको तर राहिलं.

कृष्णाकाठ: उजव्या बाजूला, मॉडरेट. 'मिडियास्टायनल शिफ्ट' असं काहीतरी आहे. बाकी नॉर्मल.

लेकीचीआई: शिफ्ट म्हणजे पाण्याने हृदय पलीकडे ढकललंय. हे आधी लिहायचं की सासऱ्यांचं मत? माझ्या लेकीला शंट घातला होता. बारीक नळी, दोन्ही टोकं वेटोळी, एक छातीत, एक गर्भजलात. नुसतं सुईने काढलेलं बहुतेकदा पुन्हा भरतं. जन्मल्या जन्मल्या नळी चिमट्याने बंद केली, नाहीतर छातीत हवा शिरते. शंटच करा.

मनीमाऊ: ताई, सगळ्यांना शंट नसतो. नळी सरकते, पाणमोट फुटून बाळ लवकर येऊ शकतं. पाणी थोडं असेल, वाढत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, कधी आपोआप जिरतं. आधी कारण शोधा: फीटल इको (बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी), अ‍ॅम्निओ (सुईने गर्भजल काढून तपासणी), इन्फेक्शनच्या तपासण्या.

लेकीचीआई: कारण शोधेपर्यंत फुफ्फुस दाबलेलंच राहतं. वाढायला जागा नको त्याला? आणि दोन-तीन ठिकाणी पाणी झालं की हायड्रॉप्स, मग धावपळ.

पोपटपंची: अ‍ॅम्निओत मुलगा की मुलगी तेही कळतं ना?

मनीमाऊ: सांगणं गुन्हा आहे. आणि आत्ता हे सुचतंय?

चहाबाज: मेडिक्लेममध्ये बसतं का हे? आमच्या कंपनीने मॅटर्निटीचं लिमिट दाखवून हात वर केले.

मनीमाऊ: वेगळा धागा काढा. कृष्णाकाठ, शिफ्ट असताना आठवडाभर थांबू नका, उद्याच फीटल मेडिसिनवाल्यांना, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञांना दाखवा. डिलिव्हरीही एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) असलेल्या ठिकाणीच.

कृष्णाकाठ: बरं. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे. त्याचा काही संबंध?

मनीमाऊ: हे आत्ता सांगताय! तुमचा कोणता? कूम्ब्स टेस्ट झाली का? आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात, त्या आहेत का ते त्यात कळतं. एकाच बाजूच्या पाण्याचं कारण तेच असेल असं नाही, पण सुई घालणार असतील तर अँटी-डीचं (त्या अँटीबॉडी होऊ नयेत म्हणूनचं इंजेक्शन) आधी विचारा. बाळाला अ‍ॅनिमिया आहे का ते डॉप्लरवर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) कळतं, तेही रिपोर्टमध्ये बघा.

कृष्णाकाठ: माझा ओ पॉझिटिव्ह. टेस्टचं तिला विचारून सांगतो, फाईल सासरी आहे.