शब्दचर्चा : ‘ॲक्रेडिटेशन’ला काय म्हणावे? मान्यता, संलग्नता, मानांकन की अधिस्वीकृती?

प्रश्न

कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी तेथील कम्युनिटी कॉलेजांची (बारावीनंतरची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या कॉलेजांची) माहिती देणारी छोटी पुस्तिका मी मराठीत तयार करीत आहे. ‘ॲक्रेडिटेशन’ (कॉलेजचा दर्जा तपासून बाहेरच्या संस्थेने दिलेली ग्वाही) या एका शब्दापाशी काम चार दिवस अडले आहे. प्रथम मी ‘मान्यता’ असे लिहिले. परंतु पुढच्याच परिच्छेदात ‘रेकग्निशन’ आले, त्यालाही मान्यताच म्हणावे लागले, आणि ‘मान्यता देणाऱ्या संस्थेला मान्यता देणारा विभाग’ असे एक वाक्य तयार झाले, जे माझे मलाच कळेना. अधिस्वीकृती, प्रत्यायन, मानांकन हे शब्दही वाचनात आले आहेत. यांपैकी कोणता शब्द योग्य? तसेच ‘कम्युनिटी कॉलेज’ला ‘समाज महाविद्यालय’ म्हटलेले चालेल काय?

प्रतिसाद १

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे असल्याने ते आधी देतो. ‘समाज महाविद्यालय’ कृपया लिहू नये. ‘समाज’ हा शब्द भाषणात सर्वांचा असतो, पण फलकावर आला की एका जातीचा होतो. वाचकाला वाटेल की हे कुणा ज्ञातिसंस्थेचे कॉलेज आहे. ‘सामुदायिक महाविद्यालय’ चालेल, तथापि तेथील मराठी माणसे बोलताना ‘कम्युनिटी कॉलेज’च म्हणतात, तेव्हा तोच शब्द ठेवावा.

याहून मोठा सापळा पुढे आहे. कॅलिफोर्नियातील या कॉलेजांचे मूल्यमापन करणाऱ्या आयोगाचे नाव ‘ॲक्रेडिटिंग कमिशन फॉर कम्युनिटी अँड ज्युनिअर कॉलेजेस’ असे आहे. त्यातील ‘ज्युनिअर कॉलेज’चे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ केले की महाराष्ट्रातून गेलेला प्रत्येक पालक अकरावी-बारावी असेच समजणार. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची पहिली दोन वर्षे. इलिनॉय राज्यातील १९०१ साली सुरू झालेले जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे त्यातील सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज मानले जाते आणि त्याच्या नावात ‘ज्युनिअर’ अजूनही आहे.

आता मूळ शब्द. मला वाटते, आपली अडचण शब्द कमी असल्याची नसून, मराठीत या प्रत्येक शब्दासोबत देणारा कोण हे आधीच ठरलेले असल्याची आहे. ‘मान्यता’ म्हटले की शासन डोळ्यांसमोर येते. ‘संलग्नता’ म्हटले की विद्यापीठ येते. अमेरिकेतील ॲक्रेडिटेशन मात्र या दोघांपैकी कुणीच देत नाही. ते देणारे आयोग बिगरसरकारी असतात, कॉलेजे त्यांची सदस्य असतात, आणि तपासणीला येणारी मंडळी इतर कॉलेजांतील प्राध्यापक व प्रशासकच असतात. सरकार या रचनेच्या एक पायरी वर उभे आहे : कोणत्या आयोगाचा निर्णय ग्राह्य धरायचा, एवढेच संघराज्याचा शिक्षण विभाग ठरवतो.

ही रचना रुळण्यामागे पैसा आहे. कोरियन युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी १९५२ मध्ये जो कायदा झाला, त्यात सरकारी मदत कोणत्या संस्थांत वापरता येईल हे ठरवण्यासाठी या आयोगांच्या निर्णयाचा आधार घेण्यात आला, आणि १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांना मिळणारे संघराज्याचे अनुदान व कर्ज याच अटीला बांधले. म्हणून प्रक्रिया नावापुरती ऐच्छिक असली तरी ती टाळणे कोणत्याही कम्युनिटी कॉलेजला परवडत नाही. शिवाय येथे दोन वर्षे शिकून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्याचे श्रेयांक पुढे धरले जाण्याचा प्रश्न असतोच.

तेव्हा माझी सूचना अशी की, तीन पायऱ्यांना तीन शब्द वापरावेत. राज्य सरकार कॉलेज चालवू देते, ती ‘परवानगी’. आयोग कॉलेजला देतो, ती ‘अधिस्वीकृती’. आणि शिक्षण विभाग आयोगाला देतो, ती ‘मान्यता’. आपले अडलेले वाक्य मग ‘अधिस्वीकृती देणाऱ्या आयोगाला मान्यता देणारा विभाग’ असे होईल व कळेल.

‘प्रत्यायन’ अर्थाच्या दृष्टीने सर्वांत नेमका आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी विश्वास ठेवणे हा लॅटिन धातू आहे आणि ‘प्रत्यायन’ म्हणजेही प्रत्यय आणून देणे, खात्री पटवणे. परंतु हिंदी राजभाषेत रुळलेला हा शब्द मराठी वाचकाला उपसर्ग-प्रत्ययांच्या तासाची आठवण करून देतो.

प्रतिसाद २

मी निवृत्त प्राध्यापक असून तीन वेळा ‘नॅक’मधून (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या तपासणीतून) गेलो आहे. ‘मधून गेलो’ असे म्हणतो, कारण आपल्याकडे बंगळूरच्या या परिषदेचे नाव आता एका प्रसंगाचे नाव झाले आहे : ‘यंदा नॅक आहे’, ‘तुमचे नॅक झाले का?’. तो जवळ आला की भिंतींना रंग लागतो. परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली, तरी तिच्या नावातील अधिस्वीकृती हा शब्द आम्ही कागदावर वाचला, तोंडाने कधी उच्चारला नाही.

या शब्दावर माझा एक आक्षेप आहे. महाराष्ट्रात ‘अधिस्वीकृती’ सर्वाधिक ऐकू येते ती पत्रकारांच्या संदर्भात. अधिस्वीकृतीधारक पत्रकार, अधिस्वीकृती पत्रिका. आणि ती पत्रिका शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देते. म्हणजे सरकारचा वास या शब्दालाही आहेच. तरीही दुसरा शब्द मला सुचत नाही. ‘मानांकन’ तर निश्चितच नको, कारण त्यात श्रेणी गृहीत धरली आहे. आपली परिषद ‘अ’, ‘ब’ अशा श्रेणी देत आली आहे. अमेरिकेतील आयोग कॉलेजला श्रेणी देत नाहीत, दर्जा आहे किंवा नाही एवढेच सांगतात.

प्रतिसाद १ चे पुढील लेखन

सरांचा आक्षेप योग्य आहे. पुस्तिकेत पहिल्यांदा शब्द येईल तेथे ‘बिगरसरकारी आयोगाने दिलेली’ असे विशेषण जोडावे. मात्र ‘आहे किंवा नाही’ यांच्या मध्येही काही पायऱ्या आहेत, आणि भाषांतरात घोटाळा तेथेच होतो. त्रुटी आढळल्यास आयोग आधी ताकीद देतो, मग निगराणीखाली ठेवतो, आणि अखेरीस ‘शो कॉज’ बजावतो. या शेवटच्या शब्दासाठी आपल्याकडे कचेऱ्यांत मुरलेली ‘कारणे दाखवा नोटीस’ तयारच आहे. या सर्व काळात अधिस्वीकृती चालूच असते.

सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जुलै २०१२ मध्ये त्याला कारणे दाखवा म्हणून सांगण्यात आले. वर्षभराने आयोगाने ३१ जुलै २०१४ पासून अधिस्वीकृती काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. शहराच्या सरकारी वकिलांनी ऑगस्ट २०१३ मध्ये आयोगाविरुद्ध दावा लावला, जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने निर्णयाच्या अंमलबजावणीला मनाई केली, आणि जानेवारी २०१७ मध्ये आयोगानेच सात वर्षांसाठी अधिस्वीकृती कायम केली. कॉलेज एक दिवसही अधिस्वीकृतीविना नव्हते, तरीही त्या काळात विद्यार्थिसंख्या घसरली. ‘मान्यता रद्द’ असे पाच अक्षरी मथळे किती महाग पडतात, हे यावरून कळते.

याउलट लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन कॉलेजची अधिस्वीकृती २००६ मध्ये खरोखरच गेली. शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजचे केंद्र म्हणून ते चालू राहिले आणि २०१७ मध्ये त्याला स्वतःची अधिस्वीकृती पुन्हा मिळाली. ‘संलग्न’ हा शब्द संपूर्ण विषयात कोठे बसत असेलच, तर या अकरा वर्षांना.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. मसुद्यातील वाक्य आता असे केले आहे : ‘प्रवेश घेण्यापूर्वी, कॉलेजला बिगरसरकारी आयोगाची अधिस्वीकृती मिळालेली आहे काय, आणि त्या आयोगाला संघराज्याच्या शिक्षण विभागाची मान्यता आहे काय, हे दोन्ही पाहावे. अधिस्वीकृतीचे नूतनीकरण ठरावीक वर्षांनी होते.’

प्रतिसाद २

वाक्य चांगले आहे. दोन ठिकाणी हात फिरवावा. ‘मिळालेली आहे’ ऐवजी ‘चालू आहे’ लिहावे, कारण मिळालेली गोष्ट पुढे जाऊही शकते. दुसरे, ‘नूतनीकरण’ वाहन परवान्याचे होते, ज्याची मुदत संपली की तो आपोआप बाद ठरतो. आपल्या नॅकचा दाखलाही साधारणतः पाच वर्षांचाच असतो. तेथे मात्र ठरावीक वर्षांनी स्वयंमूल्यमापन अहवाल आणि भेट असा फेरा होतो, तेथील अशाच दुसऱ्या एका आयोगाकडे, हायर लर्निंग कमिशनकडे, तो दहा वर्षांचा आहे, आणि त्याअंती आयोग आपला निर्णय पुन्हा पक्का करतो. म्हणून ‘फेरतपासणी’ म्हणावे.