अणुवीज केंद्राच्या पर्यावरणविषयक दाव्यांची पारख कशी करावी?

प्रश्न
आमच्या अभ्यासगटाला जवळच्या अणुवीज केंद्राने भेटीचे निमंत्रण दिले आहे. सोबतच्या पुस्तिकेत वृक्षारोपण, पक्षीगणना आणि शाळांमधील व्याख्याने यांची छायाचित्रे भरपूर आहेत. मात्र किरणोत्साराविषयी ‘सर्व मोजमापे मर्यादेत आहेत’ एवढे एकच वाक्य आहे. विरोधासाठी विरोध आम्हाला करायचा नाही. परंतु केंद्र परिसराची खरोखर काळजी घेते की नाही, हे समजण्यासाठी नेमके काय विचारावे?

प्रतिसाद १
पर्यावरणीय नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे काम केले आहे. मी सर्वप्रथम केंद्र सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी मागेन. माती, पाणी, मासे, दूध या सगळ्यांत नैसर्गिक किरणोत्सार असतोच, शिवाय जुन्या अणुचाचण्यांतले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य अजून जमिनीत सापडते. ही मूळ पातळी ठाऊक नसेल, तर आजच्या आकड्यातला केंद्राचा वाटा ठरवणे अवघड होते.

दुधाचेच पाहा. अणुभट्टीत तयार होणारे किरणोत्सारी आयोडीन-१३१ हवेतून गवतावर बसते, गाय ते गवत चरते आणि दुधावाटे ते लहान मुलांच्या थायरॉइड ग्रंथीपर्यंत पोहोचते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरण्याचा काळ, सुमारे ८ दिवसांचे असल्याने नमुना रेंगाळून चालत नाही. ठरलेल्या गोठ्यातून ठरलेल्या दिवशी दूध आणायचे, शिशाच्या जाड कवचातल्या, किरणोत्सार मोजणाऱ्या शोधकावर दुधाचे भांडे तासन्‌तास ठेवायचे आणि काही आढळले नाही, तर उपकरण कमीत कमी किती मोजू शकत होते तेही नोंदवायचे, अशी ही पद्धत आहे. सामान्य नागरिकासाठी शिफारस केलेली मर्यादा, नैसर्गिक आणि वैद्यकीय किरणोत्सार वगळून, वर्षाला १ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक) आहे. नैसर्गिक स्रोतांतून जगभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतेच. सुरळीत चालणाऱ्या केंद्राची भर या मर्यादेच्या अगदी लहान अंशाइतकी असते. मग तो अंश आकड्यात सांगायला अडचण कसली?

प्रतिसाद २
उष्णतेबद्दलही अवश्य विचारा. अणुभट्टीतील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते, उरलेली पाण्यात किंवा हवेत सोडावी लागते. फ्लोरिडातील टर्की पॉइंट केंद्राच्या शीतकरण कालव्यांच्या बांधांवर अमेरिकन मगरी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अंडी घालू लागल्या, केंद्राने त्यांच्या घरट्यांची नोंद ठेवली, आणि २००७ मध्ये फ्लोरिडातील या मगरींना असलेला धोका एका पायरीने कमी झाल्याचे सरकारी वर्गीकरणात मान्य झाले. हे काम मला मनापासून आवडते. पण त्याच कालव्यांतले अतिखारट पाणी जमिनीखालच्या जलसाठ्यात पसरले, हेही तितकेच खरे आहे, आणि मगरींची गोष्ट सांगताना ते वगळणे योग्य नाही.

प्रतिसाद ३
प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला आहे, हेही पाहावे. फ्रान्समध्ये अणुवीज केंद्रांसाठी स्थानिक माहिती समित्या असतात. त्यांत लोकप्रतिनिधी, पर्यावरण संघटना, कामगार संघटना आणि तज्ज्ञ बसतात; २००६ च्या कायद्याने त्यांचे स्थान पक्के केले असून त्या बाहेरच्या तज्ज्ञांकडून स्वतंत्र मोजमापे करवून घेऊ शकतात. वर्षातून एकदा निमंत्रण मिळण्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी मोलाची आहे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुधाविषयी वाचून गटातील एका सदस्यांनी सांगितले की, त्यांच्या गोठ्यातून नमुन्यासाठी दूध नियमित नेले जाते, पण त्याचा निकाल त्यांना आजवर कधीही कळवलेला नाही. भेटीच्या दिवशी पहिला प्रश्न ते सदस्यच विचारणार आहेत.