मदत हवी आहे : बाबांचा जुना स्टिरिओ परत लावायचाय, पण ऍम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या येतात

शहापूरकर

नमस्कार मंडळी,

बेळगावात शहापूरला आमचं जुनं घर आहे. कौलारू, जाड मातीच्या भिंती, पुढं सोपा, मागं परडं, वर लाकडी माडी. बाबांचं वय आता ७६. त्यांचा सगळा जीव गाण्यात. नाट्यसंगीत, भावगीतं, आणि कुमार गंधर्व म्हटलं की बाकी सगळं बाजूला. कुमारजींचा जन्म इथून जवळच्या सुळेभावीचा, १९२४ चा, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. त्यांच्या रेकॉर्डी आणि सगळा सेट बरीच वर्षं माडीवर ट्रंकेशेजारी झाकून ठेवलेला होता. आता सोप्याची डागडुजी झालीय, तर तो खाली आणून नीट मांडून द्यावा असं फार मनात आहे. बाबांना स्वतःच्या हातानं रेकॉर्ड लावता आली पाहिजे, आणि घरात चार वर्षांची माझी मुलगी आहे, तिला कुठं काही लागायला नको. या दोन गोष्टी सांभाळून काय काय करावं ते सांगा की.

सामान असं आहे. जपानी बनावटीचा ऍम्प्लिफायर, मामांनी मस्कतहून आणलेला. मागं व्होल्टेज बदलायचा खटका आहे, तो २४० वर आहे. प्लग दोन पिनचा. स्पीकरच्या स्क्रूंजवळ लिहिलंय, ‘ए किंवा बी : ४ ते १६ ओहम, ए अधिक बी : ८ ते १६ ओहम’. रेकॉर्ड प्लेयर पट्ट्यावर फिरणारा, त्याच्या मागनं दोन पिनांसोबत एक बारीक वायर मोकळीच लोंबते. दोन मोठे लाकडी स्पीकर ८ ओहमचे. शिवाय नंतर कोल्हापुरात घेतलेले दोन लहान स्पीकर ६ ओहमचे, ते आईसाठी स्वयंपाकघरात लावायचे आहेत, म्हणजे तिलाही काम करता करता ऐकता येईल.

सगळ्यात मोठी काळजी झिणझिण्यांची. ऍम्प्लिफायर सुरू करून त्याच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली की मुंग्या आल्यासारखं होतं. टेस्टर लावला तर मंद पेटतो. सोप्यातलं वायरिंग जुनं, बोर्ड दोन पिनचे, अर्थिंग फक्त स्वयंपाकघरातल्या नव्या बोर्डाला. ओळखीच्या एका वायरमनला विचारलं, तर तो म्हणाला, ‘तीन पिनचा प्लग बसवतो आणि अर्थची पिन आतून न्यूट्रललाच जोडतो, झिणझिण्या बंद.’ मला ते पटलं नाही, म्हणून अजून काही करू दिलं नाही. हे बरोबर असतं का?

दुसरं, प्लेयर जोडला की आवाजात सारखं ‘हूऽऽम’ येतं. तिसरं, सोपा साधारण दहा बाय चौदा फुटांचा, त्यात स्पीकर कुठं ठेवू? आधी ते कपाटावर असायचे. आणि शेवटचं, बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळं ते आवाज वाढवत जातील, आमची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, आणि संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज खालीवर होतं. वळवाच्या दिवसात काय काळजी घ्यायची तेही सांगा.

निपाणीकर

शहापूरकर, आधी एक काम करा. तो प्लग बोर्डातून काढा आणि पुढचं सगळं होईपर्यंत लावू नका. मी निपाणीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वायरमनला नाही म्हणालात हे फार चांगलं केलंत. अर्थची पिन प्लगमध्ये न्यूट्रलला जोडणं हा जीवघेणा प्रकार आहे. रोज काही जाणवत नाही, उलट झिणझिण्या थांबतात, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. पण बोर्डात, मीटरजवळ किंवा खांबावर कुठंही न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, की फेज ऍम्प्लिफायरच्या आतून फिरून थेट पत्र्यावर येतो. मग पत्र्यावर पुरे २३० व्होल्ट, आणि पुढं हात लावायला तुमचे बाबा नाहीतर मुलगी. फेज-न्यूट्रल उलटे लागले तरी तेच. जुन्या दोन पिनच्या बोर्डांत ते उलटे असणं अगदी नेहमीचं आहे. जिथं जिथं असं जोडलेलं असेल तिथनं ते काढून टाका.

आता झिणझिण्या का येतात. दोन पिनच्या काही मशिनांना अर्थ लागतच नाही, त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. अशा मशिनच्या पत्र्यावरही किंचित मुंग्या येऊ शकतात, कारण आतला ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर यांच्यातनं अगदी थोडा करंट झिरपतो. पण तुमचा सेट बरीच वर्षं माडीवर, बेळगावच्या पावसाळ्यात पडून होता. ओल, उंदीर, कडक झालेली वायर, काहीही असू शकतं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. चांगल्या इलेक्ट्रिशियनला ५०० व्होल्टच्या मेगरनं प्लगच्या दोन्ही पिना आणि पत्रा यांच्यामधलं इन्सुलेशन मोजायला सांगा. २ मेगओहमच्या खाली आलं तर सेट दुरुस्त केल्याशिवाय लावायचा नाही.

सोप्यात स्वतंत्र अर्थची वायर ओढून घ्या आणि बोर्ड तीन पिनचे करा. अर्थिंगचा खड्डा अर्थ टेस्टरनं मोजून घ्या, नुसता बल्ब पेटला म्हणून समाधान मानू नका. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं. आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. फेजमधनं गेलेला करंट न्यूट्रलमधनं परत आला नाही, कुणाच्या अंगातनं जमिनीत गेला, तर तो क्षणात पुरवठा तोडतो. एमसीबी ते काम करत नाही, तो फक्त जास्त लोड आणि शॉर्टसाठी. लहान मूल असलेल्या घरात मी तर आधी आरसीसीबी म्हणतो, मग स्पीकर.

इन्सुलेशन ठीक निघालं तरी सेट थेट लावू नका. दुरुस्तीवाल्याकडं सिरीज बोर्ड असतो, म्हणजे सेटला वीज एका बल्बमधनं जाऊनच मिळते. त्यात १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नाही चालत. स्पीकर न जोडता ऍम्प्लिफायर त्यावर लावायचा. बल्ब एकदा लख्ख पेटून मंद झाला तर बरं. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. झाकण तुम्ही स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. फ्यूज उडाला तर त्याच नंबरचा घाला, तांब्याची तार गुंडाळणारा कुणी भेटला तर त्याला दारातनंच परत पाठवा.

चारही स्पीकर एकदम लावता येणार नाहीत. तुमच्या ऍम्प्लिफायरवर जे लिहिलंय त्याचा अर्थ हाच की दोन्ही जोड्या एकदम चालवायच्या तर प्रत्येक स्पीकर निदान ८ ओहमचा हवा. ८ आणि ६ समांतर जोडले की भार साधारण ३.४ ओहमवर येतो, ऍम्प्लिफायर तापतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. एका वेळी ए नाहीतर बी, एवढं पाळा. आई स्वयंपाकघरात असताना बी, बाबा सोप्यात बसले की ए.

‘हूम’ बहुतेक त्या लोंबणाऱ्या वायरीमुळंच. ती ऍम्प्लिफायरच्या मागं ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसवा. ती नुसती पिकअपचा (सुई बसवलेल्या भागाचा) आवाज शांत ठेवायला असते, घराच्या अर्थिंगशी तिचा संबंध नाही. प्लेयरच्या पिना ‘फोनो’मध्येच जायला हव्यात. सुईतनं येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, फोनोच्या आत तो वाढवून त्याचा सूर सरळ करणारं सर्किट असतं. मोबाइल मात्र चुकूनही फोनोत लावू नका, त्याचा सिग्नल शेकडो पटीनं मोठा, तो ‘ऑक्स’ला. आणि हूम घालवायला म्हणून कुणी मेन्सची अर्थ पिन तोडायला सांगितली तर अजिबात ऐकू नका.

खानापूरची लेक

वरचं सगळं झाल्यावर मांडणीचं बघा. माझ्या वडिलांसाठी मी हेच केलंय, म्हणून लिहिते.

स्पीकर कपाटावरून खाली घ्या. बाबा खुर्चीत बसल्यावर त्यांचा कान जिथं येतो, जमिनीपासून साधारण तीन फूट, तिथं स्पीकरचा लहान गोल म्हणजे ट्वीटर यायला हवा. तुमच्या सोप्यात दहा फुटी भिंतीसमोर दोघांमध्ये सहा फूट अंतर ठेवा, मागच्या भिंतीपासून फूटभर पुढं, कोपऱ्यात दाबून नको, नाहीतर तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो. बाबांची खुर्ची दोन्ही स्पीकरपासून सारख्याच, सहा-सात फुटांवर. दोन्ही स्पीकर जरासे त्यांच्याकडं वळवा. स्टूल जड आणि न डुलणारं घ्या, मुलगी ओढेल हे धरूनच, आणि वायर भिंतीच्या कडेनं पट्टीतनं न्या.

वायर सोलल्यावर आतल्या सगळ्या बारीक तारा एकत्र मुरगळून घट्ट करा. एखादी बारीक तार बाजूच्या स्क्रूला लागली तरी शॉर्ट होतो. जोडणी नेहमी प्लग काढूनच. लाल ते लाल, काळी ते काळी. रंग उडाले असतील तर स्पीकर मोकळा करून त्याच्या वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. मोठा पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिक बाजूची वायर लाल, आत गेला तर उलटी. दोघांची एकसारखी हवी. एक उलटा लागला की खर्ज पोकळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता पसरल्यासारखा वाटतो.

आता बाबांचं. वयानुसार आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, शब्द कळत नाहीत, आणि म्हातारी माणसं मग सगळाच आवाज वाढवतात. तेव्हा आवाज वाढवण्याऐवजी खुर्ची जवळ घ्या. ट्रेबल थोडा वर, बास थोडा खाली, ‘लाउडनेस’चं बटण बंद. शब्द लगेच सुटे होतात. ऑडिओमेट्री म्हणजे कानांची तपासणी करून श्रवणयंत्राचं विचारा, हे मी आग्रहानं सांगते, कारण माझे वडील यंत्र लावल्यावर पहिल्यांदा तंबोऱ्याची जव्हार ऐकून रडले होते. मोठ्या आवाजाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे : ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. मोबाइलवरच्या डेसिबल ऍपचा आकडा ढोबळ असतो, पण अंदाजाला पुरतो.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. सामाईक भिंतीला स्पीकर टेकवू नका, खर्ज भिंतीतनंच पलीकडं जातो.

निपाणीकर

ताईंनी उत्तम सांगितलंय. राहिलेलं थोडक्यात. बाबांना सवय लावा, आवाजाची कळ शून्यावर आणून मगच सुरू करायचं, ऍम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद. आवाज चिरकायला लागला की ताबडतोब खाली आणा. ऍम्प्लिफायरला झेपेनासं झाल्याची ती खूण, आणि त्यात पहिला बळी ट्वीटरचा जातो. सेटवर डॉयली, फोटो, फुलदाणी काही नको, वरची जाळी मोकळी हवी.

व्होल्टेजसाठी ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर पुरेल. साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर सेट त्यावर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. वळवाचं गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. एफएमची अँटेना कौलांवर नेलेली असेल तर तिचीही वायर काढा. पण वीज अगदी डोक्यावर कडाडत असताना हात लावायला जाऊ नका, आभाळ भरून आलं तेव्हाच काढून ठेवा.

शहापूरकर

निपाणीकर दादा, ताई, मनापासून आभार. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावून मेगर लावला. मेन्सची वायर खोक्यात जिथं शिरते तिथं उंदरानं वरचं रबर कुरतडलेलं, आतलं तांबं दिसत होतं आणि पत्र्यापासून केसभर अंतरावर. मुलीचा हात त्याच बाजूनं पोचतो, हे बघून आईनं मला तिथंच बसवून ठेवलं. वायर बदलली, इन्सुलेशन आता चांगलं आहे. आरसीसीबी बसला, अर्थची वायर सोप्यात आली. सिरीज बोर्डवर बल्ब पेटून मंद झाला. जीएनडीचा स्क्रू आवळल्यावर हूमही गेली.

बाबांनी खुर्चीची जागा स्वतः ठरवली. आता दोन अडचणी आहेत. रेकॉर्ड जराशी मंद फिरते, सूर उतरलेला वाटतो, बाबांच्या कानाला ते लगेच कळतं. आणि आजोबांच्या काही जुन्या जड, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी निघाल्यात, वर बुरशीसारखं पांढरं आलंय. त्या याच सुईवर लावू का?

निपाणीकर

नका लावू. ७८ च्या रेकॉर्डची खोबण एलपीच्या (३३ च्या वेगाच्या मोठ्या रेकॉर्डच्या) तिपटीइतकी रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. सुई आणि रेकॉर्ड दोन्ही खराब. तुमच्या पिकअपला वेगळी ७८ ची सुई मिळते का ते त्याच्यावरचा नंबर बघून विचारा, आणि प्लेयरला ७८ चा वेग आहे का तेही तपासा, बऱ्याच प्लेयरना ३३ आणि ४५ च असतात.

मंद फिरतेय ती पट्टा सैल झाल्यामुळं असेल. जुना पट्टा काढून, न ताणता सपाट ठेवून दोऱ्यानं घेर मोजा आणि त्याहून किंचित लहान मागा. नवा लावण्याआधी पुली आणि तबकडीची आतली कड स्पिरिटनं पुसा. प्लेयर पाणसळ लावून सपाट ठेवा, शक्यतो भिंतीतल्या फळीवर, स्पीकरच्या स्टुलावर कधीच नको.

पण तेच स्पिरिट ७८ च्या रेकॉर्डींना लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खोबणीच्या दिशेनंच गोल पुसायचं, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, मग स्वच्छ पाण्यानं पुसून सावलीत उभ्या वाळवायच्या. पांढरं पुसताना नाकाला रुमाल बांधा, आणि हे काम बाबांजवळ नको, परड्यात करा.