तिसऱ्याच आठवड्यात "मॅडम, गट बदलून द्या"

प्रश्न:
यंदा पहिल्यांदाच १० आठवड्यांचा गट-प्रकल्प घेतेय. २४ मुलं, चार-चार जणांचे सहा गट. पहिल्या आठवड्यात सगळे इतके गुण्यागोविंदानं वागत होते की माझी काळजीच मिटली. विषय कुठला? "कुठलाही चालेल." कोण काय करणार? "कुणीही करा, चालेल." आता तिसरा आठवडा. काल तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मला दुसऱ्या गटात टाका." त्याच गटातले आणखी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. बदलून देऊ का गट?

उत्तर १:
मॅडम, लगेच नको. बरीच वर्षं प्रकल्प घेतोय आणि एकदा नेमका इथंच चुकलो. अशाच एका मुलाला तिसऱ्या आठवड्यात हलवलं. नव्या गटाची नुकती बसलेली घडी विस्कटली, जुन्या गटातलं भांडण होतं तिथंच राहिलं, आणि दोन्ही गट मागे पडले.

मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये छोट्या गटांवरचे ५० अभ्यास तपासून फॉर्मिंग (गट जमणं), स्टॉर्मिंग (खटके उडणं), नॉर्मिंग (घडी बसणं), परफॉर्मिंग (जोमानं काम होणं) असे चार टप्पे मांडले. त्यातले बरेच अभ्यास मानसोपचाराच्या आणि प्रशिक्षणाच्या गटांवरचे होते, म्हणून मी त्याला वेळापत्रक मानत नाही. पण पहिल्या आठवड्यातलं "चालेल" हा होकार नसतो, हे मात्र दरवर्षी दिसतं. मुलं एकमेकांचा अंदाज घेत असतात. खटके उडायला लागले म्हणजे आता त्यांना कामाबद्दल काहीतरी ठाम वाटू लागलंय.

मी चौघांना चार कोऱ्या चिठ्ठ्या देतो. एकमेकांशी न बोलता लिहायचं: मेसेजला किती वेळात उत्तर यावं? काम "झालं" असं कधी म्हणायचं? दुसऱ्याच्या लिखाणात न विचारता बदल केला तर चालेल का? मग चिठ्ठ्या बाकावर शेजारी शेजारी मांडायच्या. गेल्या खेपेला एकीवर होतं "एक तास", तिच्या शेजारी "दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत". दोघंही नुसते बघत राहिले. हेच बोलायचं राहिलं असतं, तर पुढे "तो बेफिकीर आहे" आणि "ती सारखी मागे लागते" असं होऊन माझ्याकडे आलं असतं. तुमच्या गटाबरोबर हे अजूनही करता येईल. फक्त निवाडा तुम्ही देऊ नका, नाहीतर पुढची प्रत्येक कुरबुर तुमच्या टेबलावर येईल.

आणखी एक. कॉनी गर्सिक या संशोधिकेनं १९८८ मध्ये आठ गटांच्या कामाचा अभ्यास मांडला. कुणाला काही दिवसांची मुदत, कुणाला काही महिन्यांची. तरी पहिल्या बैठकीत पडलेली चाल साधारण अर्ध्या मुदतीपर्यंत टिकली आणि तिथं गटांनी ती बदलली. तुमच्याकडे ती वेळ पाचव्या आठवड्यात येईल. तेव्हा प्रत्येक गटासाठी अर्धा तास राखून ठेवा.

उत्तर २:
चिठ्ठ्यांचं पटलं. पण प्रत्येक भांडणाला "टप्पा" म्हणून सोडून देऊ नका. मी शिकत असताना आमच्या गटाला "होईल सुरळीत" असं सांगितलं गेलं आणि तिघांचं काम मी एकटीनं ओढलं. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून पाहिलं होतं. गट मोठा झाला तसा माणशी आवाज कमी झाला. तेव्हा या आठवड्यात कुणी काय केलं, हे एकेका ओळीत लिहून घ्याच. आणि त्या मुलीला आधी एकटीला विचारा. कुणी तिचा अपमान करत असेल तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्नकर्ती:
आज बोलले तिच्याशी. अपमान वगैरे नाही. तिनं दोन रात्री जागून लिहिलेली प्रस्तावना गटातल्या एका मुलानं तिला न सांगता अख्खी बदलली होती. त्याला वाटलं, आपण मदत केली. चौघांना बसवून सरांचा तिसरा प्रश्न चिठ्ठीवर विचारला. तीन चिठ्ठ्यांवर "नाही", त्याच्या एकट्याच्या चिठ्ठीवर "हो, अर्थातच". त्यानं चारही चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या आणि काही न बोलता लॅपटॉप उघडून तिची जुनी प्रस्तावना शोधायला लागला.

ती अजूनही गट बदलायचाच म्हणतेय. पाचव्या आठवड्यापर्यंत थांबायला मात्र तयार झाली आहे.