उ: लिलाव जिंकल्यावर विक्रेता फिरला तर रेटिंग काय द्यावं?

‘सरळ निगेटिव्ह ठोका’ असं वर एकाने सुचवलंय, ते अर्धंच पटलं. ईबे या ऑनलाइन खरेदी-लिलावाच्या साइटवर रेटिंग द्यायला ६० दिवस असतात, त्यामुळे आधी पैसे परत येऊ द्या आणि विक्रेत्याने रद्द करताना कोणतं कारण निवडलंय ते ऑर्डरच्या तपशिलात बघा. खरी गोम तिथेच आहे. ‘माल संपला किंवा खराब झाला’ निवडलं तर त्याच्या खात्यावर डिफेक्ट (ईबेने नोंदवलेली विक्रेत्याची चूक) चढतो, आणि असे डिफेक्ट त्याच्या व्यवहारांच्या २ टक्क्यांच्या वर गेले की खातं खालच्या श्रेणीत जातं. ते टाळायला काही जण ‘ग्राहकानेच रद्द करायला सांगितलं’ असं दडपून लिहितात. तसं असेल तर ईबेला कळवा. नुसत्या निगेटिव्हने डिफेक्ट लागत नाही.

वस्तू खरंच फुटली, त्याने त्याच दिवशी कळवलं, पैसेही लगेच दिले, तर न्यूट्रल पुरे. पॉझिटिव्हची टक्केवारी काढताना न्यूट्रल धरत नाहीत, पण शेरा सगळ्यांना दिसतो. बोली कमी आली म्हणून माघार घेतली असेल तर मात्र निगेटिव्हच. पुरावा बहुधा आयताच मिळतो: उदाहरणार्थ, तीच बशी, काठावरचा तोच टवका, तोच फोटो, फक्त किंमत वाढवून पुन्हा लावलेली. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट ठेवा. शेऱ्यात ‘चोर’, ‘फ्रॉड’ नको. ‘लिलाव जिंकल्यावर रद्द केलं, तीच वस्तू जास्त किमतीला पुन्हा लावली, पैसे चौथ्या दिवशी परत’ एवढंच लिहा. पाठवणी झालीच नाही, तर रेटिंगमधले पाठवणीचे तारे कोरे सोडा.